डॉन फाउस्तीनोची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. फाटकी छत्री मालकाचे उपकार आठवते, मोडकं घड्याळ डोळे पुसतं. मला तसं जमणार नाही. माझ्यावर आयुष्यभरात दोनच माणसांनी ठाण मांडलं आणि त्या दोघांपैकी एकही मला आवडला नाही. पहिला दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. दुसरा जर्मनीतल्या एका मराठी मंडळाचा अध्यक्ष होता. पहिल्याकडे तोफा होत्या, दुसऱ्याकडे माइक. बाकी दोघांच्या बुडाला लागलेला डिंक एकाच डब्यातला होता.

माझा जन्म श्टुटगार्टजवळच्या एका सुताराकडे झाला. विसावं शतक तेव्हा नुकतंच लागलं होतं. त्या भागातले काही व्यापारी सांता आमेलिया नावाच्या देशाला रेल्वेचे रूळ विकत, आणि रुळांच्या खालून तोफाही विकत. तो देश आता नकाशात शोधू नका. शेजाऱ्यांनी तो केव्हाच वाटून घेतला. तर त्या देशाला नवा राष्ट्राध्यक्ष मिळाला म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला भेट द्यायची ठरवली, आणि ती भेट म्हणजे मी. अक्रोडाचं लाकूड, लाल कातड्याची बैठक, पितळी खिळे आणि पाठीवर त्या देशाचा राजपक्षी, कोंडोर नावाचं प्रचंड गिधाड. आमच्या सुताराने कोंडोर कधी पाहिलेला नव्हता. त्याने आपल्या परसातला कोंबडा डोळ्यांसमोर ठेवला आणि त्याला जरा मोठे पंख दिले. पुढे सांता आमेलियाच्या रस्त्यांवर पोरं मला 'कोंबड्याची खुर्ची' म्हणत. मला त्याचा राग आला नाही. पोरं खरं बोलत होती.

राष्ट्राध्यक्षाचं नाव होतं डॉन फाउस्तीनो ओबालदे; डॉन म्हणजे आपल्याकडचं श्रीयुत. माझ्या पाठीमागच्या पितळी पट्टीवर ते अजून आहे. त्याचं आधीचं आयुष्य मी पाहिलेलं नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो ते इतक्या वेळा ऐकवत असे, की मला पाठ झालं. त्याचा बाप डोंगरातून मीठ वाहून नेणारी खेचरं हाकायचा. आई तोमासा डोंगरातली बोली बोलायची, दुसरी कोणतीच भाषा तिला येत नव्हती. गावच्या पाद्र्याने पोराची हुशारी हेरली आणि त्याला बंदराच्या शहरात शिकायला पाठवलं. पोरगा वकील झाला. एका जमीनदाराने घाटातली जुनी वाट अडवली होती. फाउस्तीनोने खेचरवाल्यांच्या बाजूने खटला लढवला आणि वाट मोकळी करून दिली. तेवढ्यावर त्याचं नाव डोंगरापासून समुद्रापर्यंत झालं. मग त्याने वर्तमानपत्र काढलं. तेव्हा राज्यावर एक म्हातारा सेनापती होता, तो काही केल्या हटत नव्हता. त्याच्याविरुद्ध फाउस्तीनो सभांमधून सांगे, "राष्ट्राध्यक्ष हा पाहुणा असतो. पाहुण्याने जेवावं, आशीर्वाद द्यावा आणि निघावं." लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. निवडणूक झाली आणि सेनापती गेला. मी बोटीतून उतरले तेव्हा धक्क्यावर बँड वाजत होता.

खोटं कशाला बोलू? सुरुवातीला त्याने कामं केली. शहरात नळाचं पाणी आणलं. डोंगरापर्यंत आगगाडी नेली. खेड्यांत शाळा काढल्या. कुणी भेटायला आलं की तो उठून सामोरा जाई, आणि मी मोकळा श्वास घेई. मग तो फक्त पाद्र्यांसाठी आणि परदेशी वकिलातींच्या माणसांसाठी उठू लागला. मग त्यांच्यासाठीही उठेना.

शाळा काढल्यावर त्याने एक फर्मान काढलं: देश एक, भाषा एक. शाळेत फक्त स्पॅनिश. डोंगरी बोलीतला एक शब्द जरी मुलाच्या तोंडून निघाला तरी त्याला दिवसभर उन्हात उभं करायचं. मुलं काय, गप्प झाली. गप्प मुलांची शाळा फार शिस्तीची दिसते, आणि वकिलातीतल्या पाहुण्यांना ती आवडलीही.

एके दिवशी त्याची आई आली. मुलाने बांधलेल्या आगगाडीत बसून ती डोंगर उतरली होती. अंगावर घरी विणलेली शाल, पायांत काही नाही. दरबारात चारसहा परदेशी पाहुणे होते. ती सरळ माझ्यासमोर आली, तिने भाजलेल्या मक्याची पुरचुंडी मुलाच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. बहुधा, जेवलास का, असंच असावं. आया दुसरं काय विचारतात? त्याला शब्द न् शब्द कळला. मला ठाऊक आहे, कारण त्याच्या मांड्यांत उठण्याचा विचार आला होता. टाचा दाबल्या गेल्या, अंग पुढे झुकलं, आणि मग तो विचार तिथल्या तिथे जिरला. तो मागे टेकला आणि स्पॅनिशमध्ये नोकराला म्हणाला, "या बाईंना स्वयंपाकघराकडे घेऊन जा." तोमासाला स्पॅनिश येत नव्हतं, पण बोट कुठे दाखवलंय ते कळलं. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली आणि पुन्हा कधी आली नाही. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा द्वेष करते. हा शब्द मुलांच्या गोष्टीत शोभत नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

मुदत संपली. पाहुण्याने निघायची वेळ झाली. पण पाहुण्याला आता घर आवडलं होतं. संसदेत घटना बदलण्याचा ठराव आला, आणि त्या दिवशी मलाही तिथे नेऊन ठेवलं. सभापती म्हणाले, "ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी बसून राहावं. ज्यांना अमान्य आहे त्यांनी उभं राहावं." वरच्या सज्जात बंदुका घेतलेले शिपाई उभे होते. खाली सगळे नंदीबैल. उभं कुणीच राहिलं नाही. ठराव बिनविरोध मंजूर. तेव्हापासून 'बिनविरोध' हा शब्द ऐकला की माझे सांधे करकरतात.

पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही. मिठाच्या खाणीतले मजूर बायकापोरांसह शहरात आले, त्यांना पिण्याचं पाणी हवं होतं. त्यांच्यावर गोळ्या घालण्याचा हुकूम माझ्यावर बसूनच सुटला. हुकूम देताना तो संत्रं सोलत होता. अशी दहाबारा वर्षं गेली. मग एका सकाळी एकही मंत्री आला नाही. दरवाजावरचे पहारेकरी तेच होते, पण टोप्या बदललेल्या होत्या. डॉन फाउस्तीनो मागच्या दाराने बंदरावर पोहोचला. एका जर्मन बोटीने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं, पण सामानाचा एकच मोठा नग घेता येईल, असं कप्तानाने बजावलं. एकीकडे बायकोची ट्रंक होती, दुसरीकडे मी. त्याने माझ्याकडे बोट केलं. बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रंकेवर हात ठेवून धक्क्यावरच उभी राहिली. मला जन्मभर ज्यांचा हेवा वाटला त्यांच्यात ही बाई पहिली. ती सुटली.

आम्ही श्टुटगार्टला आलो. म्हणजे मी माहेरी आले, पण माहेरपण कसलं? दोन खोल्यांत तो आणि मी. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कोट घालून तो रोज सकाळी माझ्यावर बसे आणि परत बोलावल्याच्या तारेची वाट पाही. घरमालकीण कोळशाची बादली घेऊन आली तर, "आधी नाव कळवा, मग आत या," असं तो तिला सांगे. ती हसून बादली आपटे. तार आली नाही. शेवटी तापात तो बरळू लागला, तेव्हा त्याच्या तोंडून स्पॅनिश निघेना. निघाली ती आईची बोली. तो काय मागत होता ते त्या घरात कुणालाच समजलं नाही. मालकिणीला वाटलं, फ्रेंच असेल. मला त्याची दया आली का? नाही आली. त्या बोलीत उत्तर देणारी मुलं त्यानेच उन्हात उभी केली होती.

त्यानंतर मी केलरमध्ये गेले. केलर म्हणजे जर्मन घराचं तळघर. बटाटे, कोळसा, ओल आणि अंधार. वरून एक महायुद्ध गेलं. माझ्या कातड्याला भेगा पडल्या, कोंबड्याची चोच उंदरांनी कुरतडली. पण कुणी बसत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सुखाचा काळ, असंच म्हणायला हवं.

मग मालकिणीच्या नातीने घर रिकामं केलं आणि मला श्पेर्मुलमध्ये काढलं. जर्मनीत नको झालेलं मोठं सामान ठरलेल्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवतात, त्याला श्पेर्मुल म्हणतात. नवीन आलेले मराठी इंजिनिअर नेमके त्याच दिवशी पाय मोकळे करायला बाहेर पडतात आणि, "सहज दिसलं," म्हणत अख्खं कपाट घरी आणतात. मला असाच एकजण घेऊन गेला. त्याचं नाव आत्माराम. गाव सांगली, नोकरी श्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागातल्या मोटारींच्या कारखान्यात. मी त्याच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. बाकी सगळे त्याला काका म्हणतात आणि वाकून नमस्कार करतात.

एक मात्र मान्य करते. त्याने मला फार निगुतीने दुरुस्त केलं. सांधे आवळले, नवं कातडं लावलं, पितळ चिंचेने घासून लखलखीत केलं. त्यात पट्टीवरचं नाव दिसलं आणि याच्या अंगात वारं शिरलं. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची! हा राष्ट्राध्यक्ष कसा होता, काय करून गेला, याची चौकशी त्याने कधी केली नाही. पण दर कार्यक्रमात माइक हातात घेऊन सांगे, "या आसनावर एक थोर राष्ट्रपुरुष विराजमान होत असत." थोर! मला ठसका लागायचा. मंडळातल्या मुलांनी एकदा पट्टी वाचून विचारलं, "डॉन म्हणजे गुंड ना?" एवढ्या वर्षांत डॉन फाउस्तीनोला बरोबर ओळखणारी ती पहिली माणसं.

मंडळ आत्मारामनेच काढलं. तेव्हा त्सुफेनहाउझेनमध्ये मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याने माणसं जमवली, गणपती बसवला, नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना स्टेशनवरून घरी आणून वरणभात खायला घातला, त्यांच्याबरोबर सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले. हे सगळं खरं आहे. फाउस्तीनोचे नळही खरे होते.

आता एक रीत सांगते. चार मराठी माणसं जमली की सभा भरते, आणि सभा भरली की तिला अध्यक्ष लागतो. एकाने नाव सुचवायचं. मग दुसऱ्याने म्हणायचं, "माझं अनुमोदन आहे." हे दुसरं वाक्य आलं की टाळ्या, आणि अध्यक्ष स्थानापन्न. जर्मन कायद्याप्रमाणे मंडळाची रीतसर नोंदणी झालेली, दरवर्षी निवडणूक घ्यावीच लागे. पण निवडणूक कसली? कुणीतरी आत्मारामचं नाव सुचवी आणि त्याची बायको सुधा अनुमोदन देई. पहिल्या वर्षी तिने ते स्वयंपाकघरातून दिलं, पुऱ्या तळता तळता. पुढे सभा मोठ्या सभागृहात भरू लागली, तरी अनुमोदन सुधाचंच. विरोधात हात कोण वर करणार? ज्याला काका म्हटलं, ज्याच्या घरचा वरणभात खाल्ला, त्याच्याविरुद्ध मराठी माणसाचा हात खांद्याच्या वर जात नाही. सगळं बिनविरोध. माझे सांधे करकरत, आणि लोकांना वाटे, खुर्ची जुनी झाली.

मंडळात कादंबरी नावाची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे माझ्या हिशोबाने. जवळच्या नेकारसुल्म गावातल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिचा नवरा नोकरीमुळे आठवडाभर दुसऱ्या शहरात असे, म्हणून घरी ती आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा पुष्कर. ती दर शनिवारी सभागृहात मुलांचा मराठी वर्ग घेई. तिथली मुलं अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं जर्मनमध्ये बोलत, एकमेकांना गोष्टी सांगत, खिदळत. मी कोपऱ्यात उभी असे. मला तो गोंगाट आवडायचा. पूर्वी जी शाळा मी ऐकली होती ती गप्प होती.

एका शनिवारी आत्माराम वर्ग तपासायला आला. माझ्यावर बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली. सुधाही बरोबर होती, मुलांसाठी रव्याचे लाडू घेऊन आली होती. पुष्कर लाडू तोंडात कोंबून धावत पुढे आला. त्याला गोष्ट सांगायची घाई झाली होती.

"आजोबा, मी सांगते! मी पहिली सांगते!"

आत्माराम हसला. बारीक नव्हे, सभागृहभर ऐकू जाईल असा. "सांगते? अरे, तू मुलगा की मुलगी? कादंबरी, याला बांगड्या भर बरं का. पुष्करताई, या, बसा!"

मोठी मुलं हसली. काहींना विनोद कळला नव्हता, पण आजोबा हसले म्हणून तीही हसली. पुष्करच्या तोंडातला लाडू तसाच राहिला.

मित्रांनो, चूक काय होती ते समजून घ्या. या मुलांच्या कानांवर मराठी पडतं ते आईचं. आई म्हणते, मी जाते, मी करते, मी सांगते. मूल आईसारखंच म्हणणार. मी स्वतः जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे, डेर ष्टूल. स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, ला सिया. मराठीतही ती खुर्ची. या फेऱ्यांत मला कुणी बांगड्या भरल्या नाहीत.

"काका, तो माझं ऐकून बोलतो," कादंबरी म्हणाली. "घरी त्याच्याशी मराठी बोलणारी मी एकटीच आहे. ते आपोआप सुधारतं हो."

"आपोआप काही सुधारत नसतं. मग तुझंच चुकतंय. ही धेडगुजरी भाषा शिकवायला मंडळ काढलं नाही मी. पुढच्या महिन्यापासून हा वर्ग बंद. शुद्ध बोलता येईल तेव्हा बघू."

"इश विल निश्ट मेअर," पुष्कर आईच्या कुशीत शिरून म्हणाला. मला नाही यायचं आता. आणि ते जर्मन वाक्य मात्र अगदी शुद्ध होतं.

सुधाने लाडवांच्या डब्याला झाकण लावलं आणि ते लागेपर्यंत दाबत राहिली. तिला काय आठवत होतं ते मला माहीत होतं, कारण मीही तिथे होते. त्यांचा मुलगा तनय तेव्हा पुष्करएवढाच होता. आत्माराम सकाळी कारखान्यात जायचा तो मूल झोपल्यावर परतायचा. तनयने मराठी सुधाकडून उचललं. एकदा घरी पाहुणे आले असताना तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, मी पण गाणं म्हणते." त्यावर आत्माराम टाळ्या पिटत ओरडला, "ऐका, आमची कन्या गाणार!" पाहुणे हसले. पुढे कित्येक दिवस घरात 'तनयाबाई' चालू होतं. तनयने गाणं म्हटलं नाही. त्या दिवसानंतर त्याने मराठीच सोडलं. आई मराठीत विचारी, तो जर्मनमध्ये उत्तर देई. बापाला फक्त, "जा, पापा," म्हणजे हो, बाबा. आता तो चाळिशीला आलेला, दूर येना शहरात भिंगांवर संशोधन करतो, सणावाराला येतो. आईच्या मराठीला त्याचं जर्मन उत्तर, हे त्या घरात पंख्याच्या आवाजाइतकं सवयीचं झालं होतं. आत्माराम मात्र चारचौघांत म्हणे, "इथल्या पोरांना भाषेची ओढच नाही." नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

पुष्कर वर्गाला यायचा बंद झाला. घरीही तो आईला जर्मनमध्ये उत्तर देऊ लागला, असं कादंबरीने सुधाला फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी वार्षिक सभा होती. सभा उरकली की वर्ग कायमचा जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना वाईटही वाटत होतं. पण वाटून काय होतं?

सभागृह भरलं. मला व्यासपीठावर मधोमध ठेवलं. निवडणूक व्हायच्या आधीच आत्माराम येऊन बसला. सुधा तिसऱ्या रांगेत होती. तिला गाडीने घेऊन आलेला तनय आत न बसता दाराशी कोट घालून उभा होता. कादंबरी पुष्करला मांडीवर घेऊन भिंतीकडेला होती. चिटणीस प्रसन्न, मोठा गोड माणूस, कुणालाही न दुखावण्यात त्याचं आयुष्य चाललं होतं, माइकपाशी आला.

"आल्झो, तर मग, वेळ थोडा आहे, मागे बटाटेवडे थांबलेत. अध्यक्षपदासाठी मी दरवर्षीप्रमाणे आत्मारामकाकांचं नाव सुचवतो. सुधाकाकू, तुमचं अनुमोदन..."

"माझं अनुमोदन नाही."

प्रसन्न हसला. "काकू, माइक देऊ का? नीट ऐकू आलं नाही."

"माइक नको. ऐकू आलंय सगळ्यांना."

"सुधा, काय पोरखेळ लावलाय?" आत्माराम म्हणाला.

"अहो, पोरांचंच चाललंय." ती उभी राहिली. तिचे गुडघे दुखत, म्हणून तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "मी कादंबरीचं नाव सुचवते. तो वर्ग राहिला पाहिजे. आपल्या घरातून एका मुलाचं मराठी गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हसण्यावारी गेलं ते. दुसऱ्या कुणाचं जाऊ देणार नाही."

प्रसन्न नियमांचा कागद शोधू लागला. "आता... नियमाप्रमाणे... या नावाला कुणाचं अनुमोदन?"

कुणी फोन बघू लागलं, कुणी बुटांची लेस. शेजारच्याने बोलावं, मग आपण टाळ्या वाजवू, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. असंच भरलेलं सभागृह मी एकदा ऐकलं होतं. कादंबरी मान खाली घालून पुष्करचा हात चोळत बसली होती. सुधा उभीच होती, आणि एवढ्या माणसांत ती अगदी एकटी पडली होती.

"आहे का कुणाचं?" आत्माराम सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाला. "नाही. गेनाऊ, अगदी बरोबर. बस खाली, सुधा. प्रसन्न, पुढे चल."

"मी..." दाराकडून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. तनय दोन पावलं आत आला होता. त्याचे कान लाल झाले होते. शब्द शोधताना त्याचे ओठ हलत होते. एवढी वर्षं जे वाक्य त्याने फक्त ऐकलं होतं, आणि तेही एकाच माणसाच्या तोंडून, ते त्याला आता बोलायचं होतं.

"मी अनुमोदन देते."

आत्मारामच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. त्याने लोकांकडे पाहिलं, हशा येईल म्हणून. हशा आला नाही. त्या सभागृहात मोठमोठ्या यंत्रांची गणितं करणारी माणसं होती, चुका काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, पण एकानेही चूक काढली नाही. सुधाने तोंडावर पदर धरला.

"तो सभासद आहे का?" आत्माराम ओरडला.

"काका, तुम्हीच त्याला लहानपणी आजीव सभासद केलंय," प्रसन्न म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला तरी दुखावलं. मग त्याने मतदान पुकारलं. आधी एक हात वर गेला, मग चार, मग मला मोजता आले नाहीत. कादंबरी निवडून आली. पुष्करने आईच्या कानात काहीतरी विचारलं, कोणत्या भाषेत ते मला ऐकू आलं नाही.

"चालवा तुमचं," आत्माराम म्हणाला. "खुर्ची माझी आहे. घरी जाईल." मदतीला आलेल्यांचे हात त्याने झिडकारले आणि मला स्वतः उचलून, धापा टाकत, गाडीपर्यंत नेलं.

घरी हिवाळा सुरू झाला, बाहेर आणि आतही. तो दिवसभर माझ्यावर बसून राही. सुधाशी बोलणं चहापुरतं. वर्ग पुन्हा भरू लागल्याचं तिने एकदा सांगितलं, तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मला वाटलं, झालं, हाही इथेच बसून तारेची वाट पाहणार.

एका शनिवारी तनय आला. आधी कधी शनिवारी येत नसे. बूट काढले, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि अडखळत म्हणाला, "आई, तू बस. चहा मी करते."

आत्मारामची बोटं माझ्या हातांवर आवळली. छातीत वारा भरला गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी त्या माणसाची सवय. 'करतो म्हण' हे शब्द त्याच्या दातांपर्यंत आलेले मला कळले, इतका तो ताठ झाला होता. सुधा हातातली गाळणी धरून जागच्या जागी थांबली होती.

मग माझ्यावरचा भार एकदम गेला. आत्माराम उठला. काही न बोलता बाल्कनीत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. काचेपलीकडे, थंडीत, स्वेटरशिवाय, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बाबा रागावले?" तनयने विचारलं.

"रागावलेत रे," सुधा म्हणाली. "पण उठले."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या खुर्च्यांना तेलपाणी करा, ओल लागू देऊ नका, हे मी सांगायला हवं, आणि ते खरंच आहे. पण माझी विनंती दुसरीच आहे. तुमच्यासमोर एखादं मूल तोंड उघडेल, त्याचं काहीतरी चुकेल, आणि तुम्हाला हसू येईल किंवा जीभ शिवशिवेल. तेव्हा तुम्ही जिथे कुठे बसला असाल तिथून उठा. खिडकीपाशी जा, घोटभर पाणी प्या, हवं तर थंडीत उभे राहा. पण त्या मुलाचं वाक्य पुरं होऊ द्या.